पोर्ट कुणी अडवलाय?

एकाच सर्व्हरवर चार-पाच जण मिळून वेबसाइट घडवत असले की एक तक्रार हमखास उमटते: पोर्ट आधीच वापरात आहे. एका आयपी पत्त्यावरचा एक पोर्ट, समजा ३०००, सहसा एकाच प्रोसेसला मिळतो. टर्मिनल बंद झालं तरी मागे राहिलेली प्रोसेस तो धरून बसू शकते.

मग घाईघाईत सुडो लावून 'किल -९' दिलं जातं. ही सवय सोडायलाच हवी. नुसतं 'किल' दिलं तर १५ क्रमांकाचा सिग्नल जातो. प्रोसेसला तो पकडता येतो, त्यामुळे हातातली विनंती पुरी करून, डेटाबेसची जोडणी सोडून ती नीट बंद होऊ शकते. ९ क्रमांकाचा सिग्नल मात्र पकडताच येत नाही. कर्नल तिला तिथल्या तिथे संपवतो आणि अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते. त्यातून ती प्रोसेस सहकाऱ्याची निघाली तर त्याचं डीबगिंग पाण्यात! आधी 'एलएसओएफ' या कमांडने प्रोसेस कुणाची ते पाहावं, त्याला विचारावं.

नीट बंद होण्याची एंजिन-एक्स या वेब सर्व्हरची रीत मला फार आवडते. सेटिंग बदलून मुख्य प्रोसेसला 'हप' सिग्नल दिला की ती आधी नवी सेटिंग तपासते. चूक सापडली तर जुन्यावरच काम चालू. सगळं ठीक असेल तर नवे वर्कर उभे राहतात; जुने नव्या जोडण्या घेणं थांबवतात आणि चालू विनंत्या संपवूनच बाहेर पडतात.

रोजच्या कामात मात्र प्रत्येकाला वेगळा पोर्ट नेमून द्यावा.