विद्यार्थी केंद्रस्थानी, मग शिक्षक कुठे?

मूल केंद्रस्थानी म्हणजे शिक्षकाने शिकवायचं नाही, फक्त ‘सुलभक’ म्हणून बाजूला उभं राहायचं, असं शिक्षकांच्या खोलीत सर्रास म्हटलं जातं. सगळ्यांत घातक समज हाच. या पद्धतीत शिक्षकाचं काम उलट वाढतं. फळ्यावर काय लिहायचं एवढं ठरवून भागत नाही, समोरच्या मुलाच्या डोक्यात आत्ता काय चाललंय हेही शोधावं लागतं.

तिसरीच्या वर्गात नेहमी दिसणारी चूक घ्या. ४२ वजा १७, आणि उत्तर लिहिलंय ३५. लाल फुली मारून बरोबर उत्तर फळ्यावर करून दाखवायला अर्धा मिनिट पुरतो. त्याऐवजी ‘कसं केलंस, सांग बघू’ असं विचारलं, तर मूल सांगतं, ‘सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन.’ म्हणजे ते निष्काळजी नाही. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम त्याने स्वतः बांधलाय आणि तो इमानाने पाळलाय.

आता त्याच्या हातात दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्यायच्या आणि त्यातल्या सतरा मागायच्या. दोन सुट्यांतून सात देता येत नाहीत. मूल जरा घुटमळतं, मग एका गठ्ठ्याचं रबर सोडतं. बारातल्या सात दिल्या, पाच उरल्या. एक गठ्ठा दिला, दोन उरले. पंचवीस! ‘दशक सुटा केला’ हे शब्द शिक्षकाने इथे सांगायचे, आणि मग तीच रीत वहीत मांडून दाखवायची. कधी गप्प राहायचं आणि कधी स्पष्ट सांगायचं हे शिक्षकच ठरवतो.

दुसरा समज सजावटीचा. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं हा विचार सांगणारा शब्द, जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांत पोहोचला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधलं काम पाहायला शिक्षक लांबून गेले. तिथल्या वर्गांतली फरशीवरची रेखाटनं मग बऱ्याच ठिकाणी उतरली, पण त्यांच्यामागचा विचार तितक्या सहजी उतरला नाही. मुलं रेखाटनाचा वापर करत नसतील, तर तो नुसता रंग आहे. गटांचंही तेच. चौघांना गोल बसवलं आणि एकाच हुशार मुलीने सगळं लिहिलं, तर उरलेले तिघे जुन्याच वर्गात बसलेत.

पाढे, पाठांतर, सराव यांना इथे बंदी आहे, असंही पालकांना वाटतं. तशी ती नाही. सात चोक अठ्ठावीस म्हणजे सातसात खड्यांच्या चार रांगा, हे कळल्यावर पाढा जरूर पाठ करावा. तोंडपाठ पाढा पुढच्या गणिताचं ओझं हलकं करतो.

‘हे परदेशी खूळ आहे’ हा आक्षेप तर आपला इतिहास विसरल्यामुळे येतो. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ १९२६ साली काढला. मारिया माँटेसरींच्या विचारातून त्यांनी प्रेरणा घेतली हे खरं, पण ताराबाईंनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी अंगणवाड्या आणि गुरं राखणाऱ्या मुलांना कुरणातच शिकवणाऱ्या कुरणशाळा उभ्या केल्या, त्या इथल्या मातीतून. लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात याच विचाराने सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. आणि आता हा केवळ हौसेचा भागही राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध यांतून आणि भयमुक्त वातावरणात शिकणं स्पष्ट नमूद आहे.

‘पट मोठा आहे, पोर्शन संपत नाही’ हा मात्र गैरसमज नाही, ती खरी अडचण आहे. कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. दोन शिक्षकांवर चार वर्ग चालत असतील आणि त्यांतला एक माहिती भरायला तालुक्याला गेला असेल, तर प्रत्येक मुलाला ‘कसं केलंस’ कोण विचारणार? तरीही रोज चार-पाच मुलांच्या वह्या त्यांना शेजारी बसवून तपासता येतात, आठवडा-पंधरा दिवसांत वर्ग पुरा होतो.

केंद्रप्रमुखांना आणि विस्तार अधिकाऱ्यांना एक विनंती. पुढच्या शाळाभेटीत तक्ते मोजू नका. एका मुलाला जवळ बसवा, एक उदाहरण द्या आणि ते कसं सोडवलं, हे त्याच्याच तोंडून ऐका. शेरा त्यावर लिहा.