भाड्याचे घर आणि घरातला धंदा

भाड्याच्या दोन खोल्यांत शिवणयंत्र मांडून झबली-टोपडी शिवायची आणि मोबाईलवर छायाचित्रे दाखवून ती विकायची, हा उद्योग आज आपल्या गल्लोगल्ली चालतो. दुकानाचे भाडे वाचते, हे खरेच. पण घराचे करारपत्र पुन्हा उघडून कोण पाहतो? त्यात बहुधा ‘केवळ राहण्यासाठी’ हे दोन शब्द असतात. आणि ज्या कामासाठी जागा घेतली त्याहून निराळ्या कामासाठी भाडेकरूने ती वापरू नये, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो.

मालकाला कळणार कसे, असे कोणी म्हणेल. गंमत पुढेच आहे. राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. पण एक झबले बेळगावला विकायचे म्हटले, की सहसा ती घ्यावी लागते. तिथे धंद्याच्या जागेचा पुरावा म्हणून पुढे करायचे ते हेच करारपत्र!

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदलेला हवाच. मग त्यात शिवणकामाच्या संमतीची एक ओळ घालायला कितीसा वेळ लागतो? विचारायचा संकोच वाटतो, हे मी जाणतो. पण कापडाचे गठ्ठे जिन्यात आल्यावर तोच प्रश्न मालक विचारतो, आणि तेव्हा त्याचा सूर निराळा असतो.