डांबरी रस्त्याचा थकवा
(रस्त्यांचे शास्त्र : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण चाकोऱ्या कशा पडतात ते पाहिले. खालची माती दबते आणि तिच्यामागोमाग वरचा रस्ताही खचतो. आज डांबरी रस्त्याच्या दुसऱ्या मोठ्या आजाराकडे, म्हणजे थकव्याकडे, वळू. या आजारात काहीच खचत नाही. रस्ता दिसायला सपाट असतो, पण तळातून फाटत असतो.

ट्रकचे चाक डांबरी थरावरून जाते तेव्हा थर किंचित वाकतो. त्याची वरची बाजू दाबली जाते आणि तळाची बाजू ताणली जाते. चाक पुढे गेले की थर जवळपास पूर्ववत होतो. हे ताणणे अगदी थोडे असते, मीटरमागे साधारण एक-दोन दशांश मिलीमीटर. एका खेपेने काहीच बिघडत नाही. पण अशा लाखो खेपा झाल्या की तळाशी बारीक चिरा पडतात, एकमेकींना मिळतात आणि वर सरकू लागतात. पृष्ठभागावर आधी चाकांच्या वाटेवर लांबट भेगा उमटतात, मग त्यांचे जाळे होते. अभियंते त्याला मगरपाठीसारख्या भेगा म्हणतात. त्या आपल्याला दिसतात तोवर तळ केव्हाच फाटलेला असतो.

वारंवार पडणाऱ्या लहान भारांनी पदार्थ तुटतो, हे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी १९व्या शतकाच्या मध्यात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले. रस्त्यांच्या बाबतीत ही गोष्ट ठामपणे मांडली ती कॅलिफोर्नियातील फ्रान्सिस ह्वीम यांनी. चाकाखाली रस्ता किती लवतो आणि त्याला भेगा केव्हा पडतात, यांचा संबंध त्यांनी १९५५ साली जोडून दाखवला.

आपल्याकडे डांबरी रस्त्यांची जाडी इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ३७’ या संहितेनुसार ठरते. तिच्यात डांबरी थराच्या थकव्यासाठी त्याचा तळ तपासतात. तिथे किती ताण येईल हे आयआयटी खरगपूरने तयार केलेल्या ‘आयआयटीपेव्ह’ या प्रणालीने काढतात. रस्त्याच्या २० टक्के भागावर भेगा पडल्या की थकव्याच्या दृष्टीने त्याचे आयुष्य संपले असे धरतात.

सूत्राचा गाभा असा: आयुष्य ताणाच्या ३.८९व्या घाताने घटते. ताण दुप्पट झाला तर आयुष्य सुमारे पंधराव्या हिश्श्यावर येते. उलट ताण फक्त १० टक्क्यांनी कमी केला तर आयुष्य दीडपट होते. म्हणून अंदाजपत्रकात ‘जरा’ कमी केलेली जाडी रस्त्याला जरा महाग पडत नाही, फार महाग पडते.

जाडीइतकेच महत्त्व रोलरच्या कामाला आहे. मिश्रणात हवेच्या पोकळ्या ३ टक्क्यांऐवजी ४.५ टक्के राहिल्या आणि बाकी सगळे तसेच असले, तर याच सूत्राने आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. माल थंड झाल्यावर फिरवलेला रोलर ही पोकळी भरून काढू शकत नाही.

भार मोजतानाही असाच घाताचा न्याय लागतो. दुचाकी आणि मोटारी हिशेबात धरतच नाहीत. ३ टन किंवा त्याहून अधिक एकूण वजनाची व्यापारी वाहनेच मोजतात. प्रत्येक ॲक्सलची तुलना सुमारे ८,१६० किलोच्या प्रमाण ॲक्सलशी होते आणि नुकसान साधारण वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. २०१८ साली चार टायरच्या एकेरी ॲक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वजन वाढले सुमारे १३ टक्के, पण पूर्ण भरलेल्या ॲक्सलमुळे होणारे नुकसान वाढले सुमारे ६० टक्के. मर्यादेपलीकडे भरलेला ट्रक किती आयुष्य खातो, ते यावरून कळावे.

मग आपल्याकडे रस्ते नेमके पावसाळ्यातच का उखडतात? भेगांतून पाणी खाली मुरते. खडी-मुरुमाचा थर आणि माती मऊ पडतात. आधार गेला की तोच ट्रक थराला अधिक वाकवतो, ताण वाढतो आणि घाताचा नियम आपले काम करतो. काळ्या मातीवरच्या रस्त्यांना हा फटका जास्त बसतो. पाऊस थकव्याचा शेवट घडवून आणतो. सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, कोरड्या दिवसांत झालेली असते.

म्हणून जुलैत खड्डे बुजवण्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये भेगा भरणे आणि गटारे वाहती ठेवणे कितीतरी स्वस्त पडते. भेगांचे जाळे झालेल्या भागावर नुसता पातळ थर अंथरून भागत नाही; खालची भेग लवकरच त्यातूनही वर येते. तो भाग खणून तळापासून नव्याने बांधावा लागतो. जाडी, दाब, भार आणि पाणी या चारही गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत. रस्त्याची निविदा निघते तेव्हा नागरिकांनी दराबरोबर हेही विचारले पाहिजे: हा रस्ता किती ॲक्सलसाठी बांधला जातो आहे, आणि त्यावरून प्रत्यक्षात किती जाणार आहेत?

(पुढील लेखांकात : काळी माती आणि रस्त्याचा पाया)