रंग उतरतो, तो जातो कुठे?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ग्रॅच्युइटी, कामाचे तास, नेमणूकपत्र यांवर भरपूर लिहून झालं आहे. इथे त्यातल्या एकाच आकड्याकडे बघायचं आहे. विजेवर काम चालणारी जागा १९४८ च्या कायद्यानुसार दहा कामगारांवर ‘कारखाना’ ठरायची. आता वीस लागतात. महामार्गालगतचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, मग ते नवापूरचं असो की विसरवाडीचं, चार-पाच माणसांवर चालतं. ते आधीच्या रेषेच्याही खालीच होतं. आता रेषा आणखी वर गेली. सुरत आणि धुळ्याच्या मधल्या या रस्त्यावर ट्रक, टेम्पो, जीप यांना तोटा नाही. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीला दर वर्षी पासिंग करावं लागतं, आणि पासिंग जवळ आलं की जुना रंग घासून नवा चढवणं हे ओघानं येतं.

जुना रंग काढायचे मार्ग बरेच आहेत. ग्राइंडरला वायर ब्रश किंवा फ्लॅप डिस्क लावून, सँडरने, पाणी पेपरने, रिमूव्हर लावून, ब्लो लॅम्पने जाळून, वाळूचा मारा करून. या धंद्यात त्यांची तुलना वेळ, खर्च आणि पत्र्याचा गुळगुळीतपणा या तीन गोष्टींवर होते. चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच पहिला असायला हवा: उतरलेला रंग जातो कुठे? रंग नाहीसा होत नाही, जागा बदलतो. ग्राइंडरने तो धूळ होऊन हवेत जातो, ब्लो लॅम्पने धूर होऊन, पाणी पेपरने गाळ होऊन जमिनीवर पडतो. कोणती पद्धत चांगली, हे या मुक्कामावरून ठरवलं की नेहमीची क्रमवारी जवळजवळ उलटी होते.

कारण त्या रंगात काय आहे ते पाहावं. घराच्या रंगातल्या शिशावर आपल्याकडे मर्यादा आहे: २०१६ चे नियम, १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग. हे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत. गाड्यांचे आणि उद्योगातले रंग त्यांच्या कक्षेत येत नाहीत. ठसठशीत पिवळा आणि नारिंगी रंग पूर्वापार लेड क्रोमेटपासून बनत आला आहे. त्यात शिसंही आहे आणि कर्करोगाला कारण ठरणारं क्रोमियमही. झिंक क्रोमेटच्या प्राइमरमध्येही तेच क्रोमियम असतं. गॅरेजमधला तांबडा रेड ऑक्साइड प्राइमर पाहून पुष्कळांना शिशाची शंका येते, पण तो लोखंडाचा ऑक्साइड आहे; शिशाचा ऑक्साइड म्हणजे आपला शेंदूर. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते लहान मुलांच्या मेंदूवर सर्वांत आधी घाला घालतं, आणि गॅरेजमधली धूळ मुलांपर्यंत पोचते ती कपड्यांतून. कामगाराचा शर्ट घरी जातो, तो घरची बाई धुते, मूल त्याच अंगणात खेळतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं पद्धतीबद्दल नाहीच. बहुतेक गाड्यांचा सगळा रंग उतरवण्याची गरजच नसते. आजकालची गाडी कारखान्यात रंगते तेव्हा तिचं अख्खं कवच आधी फॉस्फेटच्या आणि मग विजेच्या प्रवाहाने रंग चिकटवणाऱ्या द्रवाच्या टाकीत बुडवतात. हा थर साधारण वीस मायक्रॉनचा, पण जोडांच्या आतपर्यंत पोचलेला. गंजापासून गाडी मुख्यतः तोच वाचवतो. वरचे सगळे थर धरले तरी मूळ रंगाची जाडी शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास भरते. नवापुरातच काय, मुंबईच्या महागड्या गॅरेजातही तो तळाचा थर पुन्हा तसा देता येत नाही. ‘पत्रा नागडा केल्याशिवाय रंग टिकत नाही’ हा समज पक्का आहे, आणि एरवी खरा असलेला अनुभव त्यामागे आहे: तडकलेल्या जुन्या लांबीवर किंवा फुगलेल्या गंजावर नवा रंग मारला तर तो सुटतोच. पण तो दोष त्या जागेचा. तिथे पत्र्यापर्यंत जावंच लागेल. जिथे जुना थर घट्ट आहे, तिथे त्याला फक्त खरखरीत करून वर सरफेसर द्यावा. दाराच्या एका कोपऱ्याला गंज आहे म्हणून अख्खं दार ग्राइंडरखाली घालणं म्हणजे कारखान्याने दिलेलं उत्तम संरक्षण पैसे मोजून काढून टाकणं आहे.

वाळूच्या माऱ्याबद्दल मला काहीच तडजोड सुचत नाही. बॉडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. प्रत्येक कण त्यावर बारीक हातोडीसारखा आदळतो. एक बाजू ताणली जाते, दुसरी तशीच राहते, आणि बॉनेट फुगतं. हातोडीने पत्रा पसरतो हे कुठल्याही डेंटरला वेगळं सांगायला नको. पण पत्र्याचं नुकसान ही लहान गोष्ट. वाळू फुटून जी सिलिकाची धूळ होते ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो, ज्यावर औषध नाही. ब्रिटनने ओतीव वस्तूंवरचा वाळूचा मारा १९४९ च्या नियमांनी बंद केला. तुर्कस्तानने जीन्स फिकट करण्यासाठी होणारा मारा २००९ मध्ये बंद केला, तोवर तिथले अनेक तरुण कामगार या रोगाने गेले होते. इतक्या लांबचे दाखले तरी कशाला? नवापूर ज्या जिल्ह्यात येतं त्या नंदुरबारला लागून, नर्मदेपलीकडे अलिराजपूर आहे. तिथले आणि धार-झाबुआचे आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा-बालासिनोरच्या दगड दळायच्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये त्यांपैकी २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली; ती रक्कम गुजरात सरकारने द्यावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०१६ उजाडलं. गाडीचा पत्रा आणि दगडाची भुकटी हे धंदे वेगळे असले तरी फुप्फुसात शिरणारा कण तोच. मारा करायचाच असेल तर सोड्याचे, प्लॅस्टिकचे दाणे आहेत. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं आतलं तांबं १९८० च्या दशकात स्वच्छ केलं तेव्हा डांबराचा थर खाण्याच्या सोड्याच्या माऱ्यानेच काढला होता.

रिमूव्हरची भलामण करणारे म्हणतात, धूळ नाही, पत्रा तापत नाही, दहा-पंधरा मिनिटांत रंगाला फोड येतात. हे तिन्ही खरं. पण जोरकस रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा मिथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती खड्ड्यात, बंद केबिनमध्ये साचते, आणि शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेने किरकोळ ग्राहकांसाठी असे रिमूव्हर २०१९ मध्ये बंद केले आणि २०२४ मध्ये बहुतेक वापरांवर बंदी आणली. जोडांत राहिलेलं रिमूव्हर महिन्याभराने नवा रंगही उचलतं, हा तोटा तर गॅरेजवाल्याच्याच खिशातला.

उरतो पाणी पेपर: जुना, स्वस्त, प्रत्येक गॅरेजात असलेला. ओल्या घासाईत रंग उडत नाही, तिथेच चिखल होऊन बसतो. यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही ऐकण्याजोगे आहेत. पहिला, पाण्याने पत्रा गंजतो. नवापूरचा पावसाळा पाहता भीती खरी आहे. म्हणून उघडा पत्रा लागेल तिथे पाणी थांबवावं, पुसून लगेच वाळवावं आणि त्याच दिवशी प्राइमर द्यावा. शिवाय लांबी पाणी पिते आणि पुढे फुगते, तेव्हा लांबीवर कोरडी घासाईच हवी, पण ती धूळ ओढणारी नळी जोडलेल्या सँडरने. दुसरा आक्षेप वेळेचा. अख्खी गाडी उतरवायची तर पाणी पेपर हरतो. जितकी गरज तितकीच उतरवायची तर फरक बराच कमी होतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: चिखल शेवटी गटारातच जातो. नवापुरात गटार म्हणजे रंगावली, रंगावलीचं पाणी तापीत, आणि तापीचं पाणी सुरत पिते. तेव्हा घासाईचं पाणी टपात धरून गाळ बसू द्यावा, वरचं पाणी पुन्हा वापरावं, गाळ वाळवून पोत्यात बांधावा. हवेत उडालेली धूळ कोणी गोळा करू शकत नाही. टपातला गाळ गोळा करता येतो. ओल्या पद्धतीचा कौल मी देतो तो एवढ्याच कारणावरून.

पोतं कोणाला द्यायचं, याचं उत्तर मात्र एकट्या गॅरेजवाल्याकडे नाही. उद्योगांतून निघणारा रंगाचा गाळ घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत मोडतो, पण ती व्यवस्था मोठ्या कारखान्यांना धरून उभी आहे. नगरपालिकेने महिन्यातून एकदा महामार्गालगतच्या गॅरेजांतली अशी पोती उचलून अधिकृत विल्हेवाटीकडे पाठवली तर खर्च फार नाही. आणि कायद्यापुरतं बोलायचं तर वीस कामगारांची रेषा हा शेवटचा शब्द नाही. काम धोक्याचं असेल तर एकच कामगार असलेल्या जागेलाही त्या चारांपैकी कामाच्या जागेची सुरक्षा संहिता लावता येते. अशी तरतूद तिच्यातच आहे, फक्त त्यासाठी अधिसूचना काढावी लागते. जुन्या रंगाची कोरडी घासाई आणि वाळूचा मारा त्या अधिसूचनेत यायला हवेत, आणि ती केंद्राने काढलेली बरी. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. राज्याराज्यांनी वेगळे नियम केले तर ग्राइंडर हद्दीच्या पलीकडे, गुजरातेतल्या उच्छलच्या बाजूला जाऊन बसेल.