पावसाळ्यात विजेची सायकल

म्हैसूर शहराच्या वायव्येला, कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मेटगळ्ळी हा भाग आहे. लहानमोठ्या कारखान्यांची ही औद्योगिक वसाहत. पूर्वी 'विक्रांत टायर' या नावाने प्रसिद्ध असलेला टायरचा कारखाना याच परिसरातला. पाळीच्या वेळा सांभाळून कामावर जाणाऱ्या माणसाला येथे स्वतःच्या वाहनाचा मोठा आधार वाटतो. म्हैसूर हे तसे सायकलला अनुकूल शहर. जून 2017 मध्ये येथे 'ट्रिन ट्रिन' ही सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली होती. परंतु रोज दहाबारा किलोमीटर पायडल मारून पुन्हा आठ तास उभ्याने काम करणे सर्वांनाच जमत नाही. म्हणून कित्येकजण आपल्या जुन्या सायकलला मोटार आणि बॅटरी बसवून घेतात. पेट्रोलचा खर्च वाचतो, श्रमही वाचतात. मात्र पाऊस सुरू झाला, की या सायकलची आणि ती चालवणाऱ्याची खरी परीक्षा होते.

पावसाचे स्वरूप

कोकणात जून ते सप्टेंबर या काळात पावसाची संततधार असते. म्हैसूरचा पाऊस तसा नाही. तेथे मे महिन्यात वळवाच्या जोरदार सरी येतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा पावसाचा जोर वाढतो. सकाळी लख्ख ऊन आणि सायंकाळी पाळी सुटताना अचानक धो धो पाऊस, असा अनुभव येथे नेहमीचा. कोकणातला माणूस छत्री-रेनकोट घेऊनच घराबाहेर पडतो. वळीव मात्र माणसाला बेसावध गाठतो. तयारी आधीपासून हवी, ती याचसाठी.

रूपांतरित सायकल म्हणजे काय?

कारखान्यातच विजेची म्हणून तयार झालेली सायकल आणि साध्या सायकलवर संच बसवून केलेली सायकल यांत एक महत्त्वाचा फरक असतो. पहिलीच्या वायरी बहुधा सांगाड्याच्या आतून नेलेल्या असतात व जोड बंदिस्त असतात. दुसरीमध्ये वायरी सांगाड्याच्या बाहेरून, पट्ट्यांनी बांधून नेतात. जोड दुकानात हाताने केलेले असतात. म्हणून पाण्याला आत शिरण्यासाठी अधिक वाटा मिळतात.

अशा संचात चार मुख्य भाग असतात. चाकाच्या हबमध्ये बसवलेली मोटार, वीज साठवणारी बॅटरी, मोटारीला किती वीज द्यायची हे ठरवणारा कंट्रोलर, आणि चालकाची इच्छा कंट्रोलरपर्यंत पोहोचवणारी साधने. हँडलवरची मूठ, पायडलजवळचा संवेदक आणि ब्रेक दाबताच मोटार बंद करणारी कळ ही ती साधने होत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतही अशा सायकलींचा विचार केलेला आहे. पायडलला साहाय्य करणाऱ्या मोटारीची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी असावी, वेग वाढत जाईल तसे तिचे साहाय्य कमी व्हावे आणि ताशी 25 किलोमीटर वेग गाठताच, किंवा पायडल मारणे थांबवताच, ते बंद व्हावे, असे नियम सांगतो. सायकलला पुरेसे ब्रेक आणि पुढे पांढरे व मागे लाल प्रकाशपरावर्तकही हवेत. ही मर्यादा पाळणे कायद्याच्या दृष्टीने आवश्यक आहेच. ओल्या रस्त्यावर तर ती जिवाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

पाणी कोठून शिरते?

बॅटरी बहुधा 36 व्होल्टची असते. एवढ्या दाबाच्या विजेचा माणसाला सहसा धक्का बसत नाही. मग पाण्याचे भय कशाचे? भय आहे ते चुकीच्या संकेताचे आणि गंजाचे. मुठीतील संवेदकात पाणी गेले, तर मूठ न पिळताही मोटार सुरू होऊ शकते. मोटारीकडे जाणाऱ्या बारीक वायरींच्या जोडात ओल शिरली, तर मोटार गचके देते किंवा मध्येच बंद पडते. जोडांवर हिरवट गंज चढला, की वीज नीट वाहत नाही आणि जोड तापू लागतो.

मोटारीची वायर चाकाच्या आसातून आत जाते. वायरीवरून ओघळणारे पाणी तिच्याच आधाराने आत उतरते. याला उपाय अगदी साधा आहे. आसाजवळ वायर आधी थोडी खाली सोडावी आणि मग वर वळवून आत न्यावी. खालच्या वळणावर पाणी थेंब थेंब गळून जाते. घरात येणाऱ्या विजेच्या तारेलाही असाच झोळ दिलेला असतो. दुसरी गोष्ट अशी, की चालून तापलेली मोटार थंड पाण्यात गेली, की तिच्या आतील हवा आकसते आणि बाहेरची ओल आत ओढली जाते. म्हणून पाण्याने भरलेल्या खड्ड्यातून सायकल नेऊ नये.

विकत घेताना संचावरील 'आयपी' हा अंक वाचावा. त्यातील पहिला आकडा धुळीपासून, तर दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दाखवतो. दुसरा आकडा 4 असेल तर शिंतोड्यांपासून, 5 असेल तर पाण्याच्या फवाऱ्यापासून, आणि 7 असेल तर एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास बुडाल्यास संरक्षण मिळते. मात्र हा अंक त्या त्या भागापुरता असतो. मोटारीला उत्तम अंक मिळाला, तरी दुकानात केलेल्या जोडाला तो लागू होत नाही.

कंट्रोलर आणि बॅटरी यांना वरून आच्छादन द्यावे, पण खालची बाजू मोकळी ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत सर्व बाजूंनी गुंडाळले, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि साचलेली ओलही सुकत नाही.

वेग आणि ब्रेक

साधी सायकल सामान्यतः ताशी 15 किलोमीटर वेगाने चालते. विजेची सायकल सहज 25 पर्यंत जाते. वेग दीडपटीपेक्षा थोडा अधिक झाला, असे आपल्याला वाटते; परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे पावणेतीन पट होते. ती सारी ब्रेकला शोषून घ्यावी लागते. शिवाय मोटार आणि बॅटरी यांचे वजन वाढलेले असते. ब्रेक मात्र जुनेच राहतात.

ओल्या रिमवर ब्रेकचे रबर प्रथम पाण्यावरून घसरते; पाणी पुसले गेल्यावरच पकड येते. पोलादी रिमवर हा दोष विशेष जाणवतो. समजा, ओल्या रस्त्यावर ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ताशी सुमारे 7 किलोमीटरने कमी होतो आणि धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. अशा वेळी ताशी 15 किलोमीटर वेगाने चाललेली सायकल साडेआठ मीटरच्या आसपास थांबेल. तीच सायकल 25 च्या वेगाने असेल, तर थांबेपर्यंत 19 मीटर पुढे जाईल. समोर रस्ता ओलांडणारे मूल असेल, तर या दहा मीटरांचे मोल सांगावे लागत नाही. म्हणून पावसात वेग कमी ठेवावा, अधूनमधून ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घ्यावी आणि दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू लावावेत.

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. रंगवलेले पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि ओला पाचोळा हेही तितकेच घातक. मोटार पुढच्या चाकात असेल, तर वळणावर अधिक जपावे. एकदम जोर दिल्याने पुढचे चाक घसरले, तर हँडल ताब्यात राहत नाही. वळण संपेपर्यंत केवळ पायडलवर चालावे.

घरी आल्यावर

प्रथम मुख्य कळ बंद करावी. सायकल कोरड्या फडक्याने पुसावी. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये. चेनला तेल द्यावे, पण ते रिमवर सांडू देऊ नये. बॅटरी व तिचे टोक पूर्ण कोरडे झाल्याशिवाय चार्जर लावू नये. लक्षात ठेवावे, की चार्जर घरातल्या 230 व्होल्टच्या विजेवर चालतो. ओल्या हाताने त्याला स्पर्श करणे प्राणघातक ठरू शकते. बॅटरी पाण्यात बुडाली असेल, तर ती वरून सुकलेली दिसली तरी चार्ज करू नये. लिथियम बॅटरीच्या आत ओल राहिल्यास नंतरही आग लागू शकते. ती घराबाहेर, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून जाणकाराला दाखवावी.

सायकलला मोटार बसवली, म्हणून तिचे पायडल निरुपयोगी होत नाहीत. भर पावसात मोटारीने दगा दिला, तरी तेच पायडल माणसाला घरी पोहोचवतात. आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी असेल, तर आडोशाला थांबणे हेच शहाणपणाचे. पाळीला अर्धा तास उशीर झाला, तर थोडी मजुरी जाईल. पण हात-पाय धड राहिले, तर ती उद्या पुन्हा मिळवता येते.

शब्दार्थ

संततधार – न थांबता पडणारा पाऊस
वळीव – पावसाळ्यापूर्वी येणारा अवकाळी पाऊस
बेसावध – तयारीत नसलेला
आस – चाक ज्याभोवती फिरते तो दांडा
दगा देणे – ऐन वेळी साथ सोडणे

स्वाध्याय

1. म्हैसूरचा पाऊस आणि कोकणातील पाऊस यांतील फरक दोन-तीन वाक्यांत लिहा.
2. आसाजवळ वायरीला खाली वळण का द्यावे?
3. 'वेग दीडपट झाला, तरी धोका दीडपटच वाढत नाही.' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
4. तुमच्या गावात पावसाळ्यात वाहन चालवताना कोणती काळजी घ्यावी लागते, ते आठ-दहा ओळींत लिहा.