काळजी करणं आणि काळजी घेणं

आजचा विषय पत्रिकेत ‘चिंता, सर्जनशीलता आणि आत्मकरुणा’ असा छापलाय. तीनही शब्द जड आहेत. मी आपला घरातल्या एका साध्या शब्दापासून सुरुवात करतो. तो शब्द म्हणजे ‘काळजी’.

मुलगी परगावी निघाली की आई दारात म्हणते, ‘काळजी घे गं.’ मुलगी म्हणते, ‘तू काळजी करू नकोस.’ शब्द एकच, पण क्रियापद बदललं की सगळंच बदलतं. काळजी करणारा माणूस हात बांधून बसलेला असतो. काळजी घेणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं: औषधाचा चमचा, पाण्याचा तांब्या, लेकराचं बोट. आजचं माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, की ‘करण्या’कडून ‘घेण्या’कडे जायचं कसं.

आधी, चिंता म्हणजे काय ते पाहू. डेन्मार्कमधल्या सोरेन किर्केगार्द या तत्त्वज्ञानं 1844 साली या एकाच विषयावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं भीती आणि चिंता यांत फरक केला. भीतीला विषय असतो. समोर साप आहे, मी घाबरलो. चिंतेला असा नेमका विषय नसतो. तो उदाहरण देतो खोल दरीत डोकावणाऱ्या माणसाचं. त्याला चक्कर येते. ती चक्कर नुसत्या दरीमुळे येत नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यांमुळेही येते. म्हणजे चिंतेचं मूळ ‘काहीही होऊ शकतं’ या जाणिवेत आहे, शक्यतेत आहे.

आता गंमत पाहा. जे नाही ते डोळ्यांसमोर उभं करण्याची ही जी ताकद आहे, तिलाच आपण कल्पनाशक्ती म्हणतो. मुलगा रात्री अकरापर्यंत आला नाही, तर आपण अपघात, दवाखाना, पोलिसांचा फोन, सगळं रचून मोकळे होतो. कादंबरीकारही यापेक्षा वेगळं काय करतो? फरक एवढाच, की तो ते कागदावर उतरवतो आणि आपण डोक्यात घोळवत राहतो. डोक्यात हजार शक्यता एकाच वेळी नांदू शकतात. कागदावर रेघ मारायची तर एकच मारता येते. हजारांतली एक निवडून तिला आकार देणं, हीच निर्मिती. चिंतेला जे जमत नाही, नेमकं तेच.

हे मी वर्गात तीसेक वर्षं शिकवलं. मग स्वतःवर वेळ आली.

निवृत्तीनंतरची गोष्ट. पत्नीची बायोप्सी झाली होती आणि अहवाल यायला आठ दिवस होते. त्या आठ रात्री मला किर्केगार्द काही कामाला आला नाही. पहाटे तीनला उठून मी जेवणाच्या टेबलाशी बसायचो. एका रात्री तिथे नातीचे रंगीत खडू पडलेले होते. हाताला चाळा म्हणून समोरचा तांब्या काढायला घेतला. तो तांब्या कमी आणि दुधी भोपळा जास्त दिसत होता! लगेच आतून आवाज आला, ‘सत्तरीला आलास, बायको आजारी, आणि तू चित्रं काढत बसलायस?’ कागद चुरगळणार, तेवढ्यात ही मागे उभी. म्हणाली, ‘अहो, एखाद्या विद्यार्थ्याचा पहिला पेपर असता, तर फाडला असतात का?’

मी गप्प झालो. आयुष्यभर पेपर तपासणारा मी, पोरांना दोन-चार गुण सढळ हातानं देत आलो. स्वतःला मात्र कधी पासही केलं नव्हतं.

इथे आत्मकरुणा येते. क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2003 मध्ये या कल्पनेची रीतसर मांडणी केली. त्यांनी तीन अंगं सांगितली. पहिलं, स्वतःशी मायेनं वागणं. दुसरं, आपलं दुःख हे एकूण माणसाचंच दुःख आहे, हे ओळखणं. तिसरं, जे वाटतंय ते न दडपता, न फुगवता पाहणं. त्यांची ही मांडणी बौद्ध विचारातून आली आहे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात मैत्रीभावनेची सुरुवात स्वतःपासूनच करायला सांगितली आहे. आणि आपले समर्थ? शिस्तीचे केवढे कडक! पण मनाच्या श्लोकांत ते मनाला हाक मारतात ती ‘सज्जन’ म्हणून. ज्याला सुधारायचं, त्याला आधी सज्जन म्हणायचं. शिक्षकांनी हे लिहून ठेवावं.

कुणी म्हणेल, हे स्वतःचे लाड झाले. नाही. लाड म्हणजे चूक झाकणं. करुणा म्हणजे चूक दिसत असतानाही माणसाला टाकून न देणं. तांब्या वाकडाच होता, तो सरळ आहे असं ही म्हणाली नाही. फाडू नका, एवढंच म्हणाली.

म्हणून मी म्हणतो, या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. करुणा नसेल तर पहिली रेघच उमटत नाही, कारण आतला परीक्षक हात धरतो. आणि हाताला काम नसेल, तर करुणा नुसत्या विचारातच राहते.

हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पहाटे जात्यावर बसायचं, हातानं दळायचं आणि मनातलं ओवीत घालायचं. माहेरची आठवण, दूरचा भाऊ, सासरचा जाच, सगळं त्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बायांना कुणी कवयित्री म्हणत नव्हतं, आणि त्यांची वाट त्यावाचून अडलीही नाही. ओवीनं जाच थांबला नाही, हेही खरं. पण तो सोसणारी एकटी राहिली नाही, कारण शेजारणीच्या जात्यावरही तेच दुःख होतं.

अलीकडचे प्रयोगही आहेत. जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनावरच्या आघाताबद्दल लिहायला लावलं. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्तच उदास वाटलं. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत तुलनेनं कमी झाल्या. तेव्हा पहिल्याच दिवशी हलकं वाटलं नाही, तर घाबरू नका.

तुम्ही काय करायचं? रोज 15 मिनिटं. चित्र, विणकाम, रांगोळी, चार ओळी, काहीही. दाखवायचं नाही, गुण द्यायचे नाहीत, फाडायचं नाही. आतला आवाज बोलला, तर विचारा: हेच मी माझ्या विद्यार्थ्याला, माझ्या लेकीला म्हणालो असतो का?

आणि एक बजावून सांगतो. झोप, जेवण, काम आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर खडूंवर भागवू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416 वर फोन करा. तीही काळजी घेणंच आहे.

तुम्ही विचाराल, अहवालाचं काय झालं? अहवालात जे होतं ते होतं. माझ्या चित्रानं त्यातलं अक्षरही बदललं नाही. पण तो आणायला मी गेलो तेव्हा, आठ दिवसांत पहिल्यांदा, माझं लक्ष माझ्या भीतीकडे नव्हतं, हिच्याकडे होतं. पुढे वर्षभर उपचार चालले. आज ती पहिल्या रांगेत बसली आहे, आणि मी वेळ ओलांडल्याची खूण करते आहे.

तो तांब्या आमच्या फ्रिजवर अजून लावलेला आहे. वाकडाच.