पुस्तक मिटून सांगता आलं, तरच वाचलं!



हंगाम सुरू झाला की आपल्या घराघरांत टनेज, उतारा आणि पहिल्या हप्त्याची चर्चा रंगते. पण उसाच्या बिलातला मोठा वाटा ज्या कामी जातो, त्या मुलामुलींच्या कॉलेजबद्दल आपण फी भरण्यापलीकडे फारसं बोलत नाही. बारावीला चांगले मार्क मिळवलेल्या पोरांचे पहिल्याच वर्षी दोन-दोन विषय राहतात. "रात्र-रात्र वाचत होतं हो," असं आईबाप सांगतात आणि ते खरंही असतं. कसूर कष्टात नसते, पुष्कळदा वाचण्याच्या रीतीत असते.

तीच पानं पुन्हापुन्हा वाचणं आणि ओळींखाली रेघा मारणं, यालाच बरीच मुलं अभ्यास समजतात. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिक यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला (साखरेचा नव्हे, पुस्तकातला!). एका गटाने चारही पाळ्या तो नुसता वाचला. दुसऱ्याने एक पाळी वाचून पुढच्या तीन पाळ्या न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते!

मग वाचायचं कसं? ओहायो स्टेट विद्यापीठाचे फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ सालच्या आपल्या पुस्तकात पाच पायऱ्या सांगितल्या. त्या अशा:

१. पाहणी – धड्याचे मथळे, आकृत्या आणि शेवटचा सारांश आधी नजरेखालून घाला.

२. प्रश्न – मथळ्याचा प्रश्न करा. "नत्र स्थिरीकरण" असेल तर "नत्र स्थिर कोण करतं, कसं करतं?"

३. वाचन – त्या प्रश्नाचं उत्तर शोधत वाचा.

४. सांगणं – पुस्तक मिटून उत्तर आपल्या शब्दांत सांगा किंवा लिहा. अडलं तर पान उघडा.

५. उजळणी – धडा संपला की सगळे प्रश्न पुन्हा स्वतःला विचारा.

उजळणीला मात्र पाण्याच्या पाळीचा हिशेब लावावा. सगळं पाणी एकाच दिवशी सोडलं तर ऊस पोसत नाही. वाफसा येऊ देऊन पुढची पाळी द्यावी लागते. तसंच त्याच दिवशी एकदा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. परीक्षेच्या आदल्या रात्री मोकाट पाणी सोडून काय उपयोग?

"आम्हाला कुठं इंग्रजी येतं, आम्ही काय शिकवणार?" असं काही सभासद म्हणतील. शिकवायचं नाहीच. पोरगा-पोरगी सुट्टीला घरी आली की एवढंच म्हणा, "पुस्तक मिट, आणि काय वाचलंस ते मला आपल्या मराठीत सांग." आईला समजेल असं सांगता आलं, तर ते तिला स्वतःलाही समजलंय. अडखळली तर रागावू नका. तेच पान पुन्हा उघडायचं आहे, हे तिचं तिला कळेल.

किती तास वाचलं हे झालं टनेज. डोक्यात किती उरलं, तो उतारा. नुसत्या टनेजवर कारखाना चालत नाही, हे आपल्याला का सांगायला हवं?